टोल्यूइनची गळती, सहा वॉकीटॉकी आणि काट्याच्या केबिनमधला यूपीएस

पार्श्वभूमी

कोकण पट्ट्यातल्या एका एमआयडीसीतलं हे प्रकरण. कंपनीचं, गावाचं, माणसांचं नाव कुठेच देत नाहीये, बाकी जे घडलं ते घडलं तसंच सांगतोय. मी तेव्हा रस्त्यापलीकडच्या कारखान्यात फायर-सेफ्टी बघायचो. आमच्या भागातल्या कंपन्यांचा म्युच्युअल एडचा ग्रुप आहे, म्हणजे एकाकडे काही झालं की बाकीच्यांनी फोम, बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचं उपकरण) आणि माणसं घेऊन धावायचं.

मार्चचे दिवस, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, अंधार पडलेला. समोरच्या कंपनीत टोल्यूइन या चटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटचा वीस हजार लिटरचा टँकर खाली होत होता. टँकरच्या खालच्या व्हॉल्व्हजवळ, जिथे होज जोडतात तिथल्या फ्लँजचं, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोडाचं, गॅस्केट (मधली सीलची चकती) फाटलं. ड्रायव्हरने लगेच व्हॉल्व्ह फिरवला, त्याची कमाल म्हणायची, पण स्पिंडल अडकलेला होता, पूर्ण बसलाच नाही. मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली पण थांबली नाही, आणि टँकरमध्ये अजून निम्म्याहून जास्त माल. अनलोडिंग बेला, म्हणजे टँकर खाली करायच्या जागेला, कठडा आहे, कोपऱ्यात पिट आहे, सांडलं तर पिटमध्ये जावं म्हणून. पण त्या पिटचा पावसाळी व्हॉल्व्ह, पावसाचं पाणी सोडायचा, जो एरवी बंदच पाहिजे, तो उघडा राहिलेला होता. तिथून माल गटारात गेला आणि गटार जातं रस्त्याच्या कडेने थेट मेन गेटपर्यंत, वजनकाट्याच्या केबिनला खेटून.

टोल्यूइन काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ते पेटण्याइतकी वाफ सोडतच असतं. हवेत साधारण १.१ टक्के वाफ झाली की पेटायला तयार. वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, त्यामुळे वर उडून जात नाही, उताराने पाण्यासारखी वाहते आणि खड्ड्यात, गटारात जाऊन बसते. पेटवायला ठिणगी किती लागते, तर पाव मिलिज्यूलच्या आसपास. टेरिकॉटचा शर्ट काढताना अंगावर जे चटचट होतं त्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते. आणि पेट्रोलच्या टाकीत सहसा वाफ इतकी दाट असते की हवाच पुरत नाही म्हणून आत पेटत नाही, टोल्यूइनचं तसं नाही, ३० अंशाला बंद टाकीत त्याची वाफ पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. थोडक्यात टँकरच्या बाहेरही धोका आणि आतही.

अडचण

आम्ही चौघे सात-आठ मिनिटांत पोहोचलो. वाऱ्याच्या वरच्या अंगाने आलो, गेटपासून लांब. तिथल्या शिफ्ट इनचार्ज मॅडमनी तोपर्यंत माणसं असेंब्ली पॉइंटला काढलेली, वाहतूक थांबवलेली, हजेरी घेतलेली, सगळं व्यवस्थित. टोल्यूइनचा गोडसर वास शंभर पावलांवरूनच येत होता, पण त्या वासावर जायचं नसतं, नाकाला तो अगदी कमी प्रमाणातच कळतो आणि थोड्या वेळाने कळायचाही बंद होतो.

व्हॉल्व्ह बंद करायला किंवा फ्लँज आवळायला दोन माणसं आत पाठवावी लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न असा की ती माणसं आत काय काय घेऊन जाणार. अंधार आहे म्हणून टॉर्च, बोलायला वॉकीटॉकी, गॅस मीटर, पाने, हातोडी, अंगावरचे कपडे, खिशातला मोबाइल. गळती झालेल्या ठिकाणी बऱ्याचदा ठिणगीचं पहिलं कारण आपण वाचवायला जाणारेच असतो, आधी तिथे असलेल्या गोष्टी तर बंद झालेल्या असतात.

आमच्याकडे सहा वॉकीटॉकी होते, तीन वर्षांपूर्वी घेतलेले, पेटीवर ठळक लिहिलेलं इन्ट्रिन्सिकली सेफ, म्हणजे पेटणाऱ्या वाफेत वापरायला चालणारे. मी खात्रीने सांगितलं की आमचे सेट आत चालतील. त्यावर त्यांच्याकडचे एक इलेक्ट्रिकल सुपरवायझर, वय पन्नाशीच्या पुढचं, सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणाले, "साहेब, एकदा मागे पलटून बघूया का?" मला खरं सांगायचं तर वेळ चाललाय असं वाटलं. पण टॉर्चच्या उजेडात सेट पलटले.

सहापैकी चार सेटवर बॅटरी दुसरीच. दिसायला तंतोतंत तशीच, क्लिपसुद्धा तशीच बसते, पण मूळ बॅटरीवर पाठीमागे जे कोरलेलं मार्किंग असतं, एक्स आयए (इन्ट्रिन्सिकली सेफचा दर्जा), गॅस ग्रुप (कुठल्या वायूंत चालेल), टी४ (जास्तीत जास्त किती तापेल), सर्टिफिकेट नंबर, ते काहीच नाही, नुसतं व्होल्ट आणि मिलीअँपअवर. मधल्या काळात जुन्या बॅटऱ्या गेल्या तेव्हा पर्चेसने मार्केटमधून स्वस्तातल्या आणल्या होत्या आणि स्टोअरमधून त्या सेटला लागल्या. पाचव्या सेटला बॅटरी ओरिजिनल पण खांद्यावरचा माइक बाहेरचा, आणि माइक काढून वापरावा तर जॅकवरचं रबरी झाकण कधीच हरवलेलं. एकच सेट जसा आला होता तसा शिल्लक होता.

हे ज्यांना किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी. इन्ट्रिन्सिकली सेफ म्हणजे डबा मजबूत आहे असा अर्थ नाही. सर्किटमध्ये करंट आणि व्होल्टेज इतका दाबलेला असतो की तार तुटली, शॉर्ट झालं तरी होणारी ठिणगी गॅस पेटवू शकणार नाही, आणि ही दाबण्याची व्यवस्था पुष्कळदा बॅटरी पॅकच्या आतच बसवलेली, वर रेझिन ओतून बंद केलेली असते. डुप्लिकेट बॅटरीत ती नसते. मग सेट कितीही महागाचा असो, संपर्क हलला की ठिणगी साध्या सेटसारखीच. सर्टिफिकेट पूर्ण जोडणीचं असतं, बॅटरी आणि माइक धरून, त्यातलं एक बदललं की ते संपलं. ही सगळी कल्पना आलीच मुळी खाणींतून, वेल्समधल्या सेंघेनिडच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले, तेव्हा सिग्नलच्या इलेक्ट्रिक घंटीच्या ठिणगीवर संशय आला, आणि घंटीची ठिणगी निरुपद्रवी कशी करायची यावर ब्रिटनमध्ये जे संशोधन झालं त्यातून हे शास्त्र उभं राहिलं. घंटी बॅटरीवरचीच होती, कमी व्होल्टेजची.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, आहे ते घेऊन आत घुसायचं. दोन तरुण फायरमन तयार होते, "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, जाऊन येतो." त्यांच्या धाडसाबद्दल मला आजही आदर आहे. पण मीटर काय सांगत होता ते बघा. बेपासून वीसेक मीटरवर वाऱ्याखाली त्यावर ९ टक्के एलईएल दिसत होतं, म्हणजे पेटायला जेवढी वाफ लागते त्याच्या ९ टक्के. पण तो मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे समोर मिथेन आहे असं धरून आकडा दाखवणारा. टोल्यूइनसारख्या जड वाफेला तो कमी दाखवतो, खरा आकडा सेन्सरप्रमाणे दुप्पट-अडीचपट असू शकतो. ९ म्हणजे खरं तर २० च्या आसपास धरायला हवं होतं. आणि हे वीस मीटरवर, कठड्याच्या आत काय असेल ते सांगायला नको.

दुसरा, पाणी मारून धुवून टाकायचं. हे कुणीतरी बोललंच, नेहमी बोलतात. टोल्यूइन पाण्यात मिसळत नाही, तरंगतं, त्यामुळे पाणी मारलं की ते सगळं गटारातून गेटपर्यंत आणखी जोरात गेलं असतं.

तिसरा, तिथल्या ऑपरेटरचा, की बेमधली पंपाची मोटर फ्लेमप्रूफ आहे, तीच चालू करून टँकर टाकीत खाली करून टाकू, मालच राहिला नाही तर गळणार काय. विचार चांगला होता. फ्लेमप्रूफ म्हणजे आत स्फोट झाला तरी ज्वाला फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी अशी जाड बॉडी, आणि त्या फटीचं माप सगळे बोल्ट जागेवर असतील तरच खरं. काकांना आठवलं की टर्मिनल बॉक्सचा एक बोल्ट आठवड्यापूर्वी घासून गेला होता आणि वर्क ऑर्डर अजून पेंडिंग. म्हणजे इथेही तेच, प्लेट आहे पण जोडणी पूर्ण नाही. पर्याय रद्द.

चौथा, थांबायचं. फोमने झाकायचं, वाफ दाबायची आणि योग्य सामान येईपर्यंत कुणी आत जायचं नाही. यात थांबणं फुकट नसतं हे आम्हाला माहीत होतं. जयपूरच्या तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला गळती सुरू झाल्यावर सव्वा तासाच्या आसपास पेट्रोलची वाफ नुसती पसरत राहिली होती आणि मग कुठेतरी ठिणगी मिळाली. म्हणून फोमशिवाय नुसतं थांबणं हा पर्यायच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "फोमने वाफ खाली येते का ते दर पाच मिनिटांनी मोजा, येत नसेल तर रस्ता रिकामा करून आपण सगळेच मागे." निर्णय तिथे झाला आणि माझ्या मते तोच बरोबर होता.

प्रत्यक्षात काय केलं

आधी धोक्याच्या हद्दीची रेषा आखली. मीटरवर ५ टक्के दिसेल तिथे, कारण मीटर कमी दाखवतोय हे धरून. रेषेच्या वरच्या अंगाला एक टेबल मांडलं आणि आत जाणाऱ्याने खिसे त्यावर रिकामे करायचे. मोबाइल, लायटर, गाडीची रिमोटवाली किल्ली, स्मार्टवॉच, एकाच्या कानातला ब्लूटूथ. दोन माणसांचे अकरा जिन्नस निघाले. एकाच्या फायर सूटखाली नायलॉनचा ट्रॅकसूट होता, तो बदलायला लावला, कॉटनचा घातला.

एमआयडीसीचा बंब आला तो शंभर मीटरवरच थांबवला. लीडिंग फायरमन अनुभवी होते, स्वतःच म्हणाले इथून पुढे इंजिन नेणार नाही. डिझेल इंजिन वाफेत गेलं की ती वाफ हवेबरोबर आत ओढतं, आपोआप रेस होतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला १५ माणसं गेली तिथे पेटण्याचं सगळ्यात संभाव्य कारण म्हणून अशाच एका चालू डिझेल पिकअपकडे बोट दाखवलं गेलं. फोमला पाणी आम्ही कंपनीच्या हायड्रंटवरून घेतलं, त्यांचं पंपहाउस लांब होतं. बंबावर लाइट मास्ट होता, पेट्रोल जनरेटरवर चालणारा, तो पण मागे ठेवूनच लावला. उजेड मिळाला पण टँकरच्या सावलीत काळोखच, म्हणून आत टॉर्च लागणारच होते.

फोम भिंतीवर मारून हळूहळू उतरवला, थेट पिटमधल्या मालावर नाही. थेट मारला की माल ढवळला जातो, थेंब उडतात, स्टॅटिक वीज तयार होते, आणि टोल्यूइन वीज नीट वाहून नेत नाही म्हणून चार्ज त्यात साठून राहतो. दहा मिनिटांत पिट पांढऱ्या साईने झाकला गेला, मीटर ९ वरून ४ वर. गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या टाकल्या, त्यावरही फोम.

आता काट्याची केबिन. हा भाग मी सविस्तर सांगतो कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे आहे. केबिनमध्ये एसी, कॉम्प्युटर, ट्यूबलाइट, सगळं साधं, कारण तो भाग सेफ एरिया म्हणून दाखवलेला. गटार मात्र दाराशी. वॉचमन मामांना आम्ही लांबूनच ओरडून सांगितलं की स्विचला हात लावू नका, आहे तसं सोडून या. हे बरोबर होतं, बंद करतानाही स्विचमध्ये ठिणगी पडतेच. मग ठरलं की लाइट लांबच्या सबस्टेशनमधून तोडायची, तिथे वाफ नाही. काकांनी फीडर, म्हणजे केबिनला वीज देणारी लाइन, पाडला, केबिन अंधारली, आणि पुढच्या क्षणी आतून टीप-टीप-टीप आवाज यायला लागला.

यूपीएस. मेन गेली की रिले टक् करून बॅटरीवर जातो, म्हणजे ज्या ठिणगीला आम्ही घाबरत होतो ती आम्हीच आत पाडली, लांबून बटण दाबून. केबिनच्या दारावर एक इमर्जन्सी लाइट होता तोही आपोआप लागला. आम्ही सगळे जागच्या जागी गप्प. काही झालं नाही. नंतर दाराशी मीटर नेला तर २ दाखवत होता, म्हणजे आत वाफ पोहोचली नव्हती किंवा अगदी थोडी होती. पण फीडर पाडायच्या आधी आम्ही मोजलं नव्हतं, हे खरं आहे.

टॉर्चचीही शोधाशोध झाली. ग्रुपमधल्या एका कंपनीने दोन टॉर्च पाठवले, मार्किंग वाचलं, ग्रुप टूसी, टी४, चालतील, कारण टोल्यूइन टूए मध्ये येतं आणि टूसी त्याहून कडक. दुसऱ्या एकाने खाणीतले कॅप लॅम्प पाठवले, चांगले दणकट, पण ते ग्रुप वनचे, खाणीतल्या मिथेनसाठी तपासलेले, आमच्या वाफेसाठी त्यांचं सर्टिफिकेट नाही. परत ठेवले. पाठवणाऱ्याला थोडं वाईट वाटलं. टॉर्चचे सेल रेषेच्या बाहेरच बदलून घेतले, आत उघडायचे नाहीत असं दोघांकडून परत म्हणवून घेतलं.

मग दोघे बीए सेट लावून, कमरेला दोर बांधून, पाण्याच्या पडद्यातून आत गेले. आतला सेट तो एक धड असलेला, बाहेरचा कुठलाही चालतो कारण तो वाफेच्या बाहेर आहे. सेट बंद पडला तर दोराचे तीन झटके म्हणजे बाहेर ओढा. ठिणगीचा धोका कमी असलेल्या ॲल्युमिनियम ब्राँझच्या पान्यांनी फ्लँजचे बोल्ट आवळले, तीन आवळले गेले, चौथा फिरेना, तिथे लाकडी गुल्ली ठोकली. करंगळीची धार थेंबांवर आली.

राहिलेला माल काढायला हवेवर चालणारा डायाफ्राम पंप मागवला, त्याला मोटरच नसते. पहिला आला तो प्लॅस्टिक बॉडीचा. इथे परत वाद झाला, हवेवरचा आहे ना मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम असा की प्लॅस्टिकवरचा चार्ज अर्थिंग लावून जात नाही. धातूच्या बॉडीचा पंप यायला आणखी चाळीस मिनिटं गेली आणि ती आम्ही फोमचा थर भरत काढली. पंप, होज, टँकर, सगळं आधी एकमेकांना तारेने जोडलं (बाँड केलं), जमिनीला अर्थिंग केलं, मग कपलिंग उघडलं, आणि सुरुवातीला अगदी हळू चालवला.

निष्पत्ती

रात्री साडेअकराला टँकर रिकामा झाला. कुणाला खरचटलंही नाही. पिट आणि गटारातला फोममिश्रित माल ड्रममध्ये भरून नंतर विल्हेवाटीला गेला, ते काम दोन दिवस चाललं. एका फायरमनला डोकं जड वाटत होतं, त्याला हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी घरी गेला.

वेळेचा हिशोब केला तर आम्ही पोहोचल्यापासून माणसं आत जाईपर्यंत ५५ मिनिटं गेली, आणि त्यातली निम्मी तरी सामान तपासण्यात आणि मागवण्यात. नंतरच्या मीटिंगमध्ये एका मॅनेजरने हा उशीर म्हणून मांडला. मला ते मान्य नाही. पण ज्या सेटवर भरोसा ठेवून मी सगळ्यांसमोर "चालतील" म्हणालो ते आधीच तपासलेले असते तर ती निम्मी वेळ वाचली असती, हे मात्र मान्य आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पिटचा व्हॉल्व्ह बंद असता तर केबिनचा प्रश्नच आला नसता, त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना कळतं.

फीडर पाडायच्या आधी केबिनच्या दाराशी आणि गटारात मोजायला हवं होतं. मोजल्यावर तीनच शक्यता. वाफ अजिबात नाही, तर लगेच पाडा. थोडी आहे, तर आधी गटारावर फोम आणि वारा बघून परत मोजा. आणि जास्त आहे, तर काहीच हलवायचं नाही, चालू ते चालू, बंद ते बंद, माणसं मागे. "लाइट घालवा" ही आपल्याकडची पहिली आरोळी असते आणि यूपीएस, इन्व्हर्टर, इमर्जन्सी लाइट, सीसीटीव्हीचा बॅकअप, हे लाइट गेली की जागे होतात हे त्या आरोळीत कुणाच्या डोक्यात नसतं. आता त्या कंपनीच्या प्लॅनवर गटाराच्या कडेचे सगळे बॅटरीवाले बॉक्स लाल ठिपक्याने दाखवलेत, आणि काट्याचा यूपीएस ॲडमिन बिल्डिंगमध्ये हलवलाय, तिथून केबल ओढली आणि सबस्टेशनबरोबर तोही तिथूनच बंद करता येतो.

मीटरचं कॅलिब्रेशन आम्ही बदललं नाही पण मीटरच्या पाठीवर लॅमिनेट केलेला कागद लावला, आमच्याकडच्या प्रत्येक सॉल्व्हंटला वाचन कितीने गुणायचं ते, मीटरच्या मॅन्युअलमधून उतरवून. रोज सकाळी बम्प टेस्ट होते, म्हणजे थोडा गॅस देऊन मीटर ओळखतो का ते बघतात, सही होते.

एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही. बंबावरच्या लोकांचे स्वतःचे वॉकीटॉकी आणि हेल्मेटवरचे टॉर्च साधेच आहेत, त्यांना शहरातल्या आगी पण बघायच्या असतात आणि बजेट त्यांच्या हातात नाही. ग्रुपने मिळून चार सेट आणि सहा टॉर्चची एक पेटी केलीय, पेसोची (स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता बघून घेतलेली, सील लावून गेटवर ठेवलीय, बंब आला की पेटी त्यांच्या हातात. दोनदा मॉकड्रिलमध्ये वापरली, एकदा सील आधीच तुटलेलं निघालं, कुणीतरी रात्रीच्या राउंडला टॉर्च नेला होता. तेव्हापासून पेटी दर सोमवारी उघडून मोजतात.

आणि बॅटऱ्या. पर्चेसमधल्या मुलाची चूक नव्हती, त्याच्या सिस्टिममध्ये आयटमचं वर्णन "वॉकीटॉकी बॅटरी, ७.४ व्होल्ट" एवढंच होतं, त्याने ७.४ व्होल्टची बॅटरी आणली. आता वर्णनात पार्ट नंबर आणि मार्किंग दोन्ही टाकलंय. तरी नवीन बॅटरी आली की मी स्टोअरमध्ये जातो, जुनी आणि नवी शेजारी ठेवतो, दोन्ही पालथ्या घालतो आणि कोरलेला नंबर बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचतो, मगच रिसीटवर सही करतो.